वाडीच्या गोष्टी आणि मावळातील परिसर अभ्यास

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत इयत्ता तिसरी ते पाचवीच्या वर्गांना ‘परिसर अभ्यास’ हा विषय असतो. मुलाच्या भोवतालची जमीन, पाणी, वनस्पती, प्राणी, माणसांचे व्यवहार आणि त्यांचा इतिहास यांची एकत्रित ओळख त्याला लहान वयातच व्हावी, हा त्यामागचा हेतू आहे. चंद्रपूरच्या मुलाचा परिसर आणि रत्नागिरीच्या मुलाचा परिसर एकाच पुस्तकात बसणार नाही हे ओळखून बालभारतीने तिसरीचे या विषयाचे पुस्तक जिल्हानिहाय काढले. हा विचार योग्य दिशेचा होता, परंतु तो जिल्ह्यापाशी थांबतो. एकट्या पुणे जिल्ह्यात लोणावळ्याला वर्षाला सरासरी 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथून सुमारे 65 किलोमीटरवरच्या पुणे शहरात तो 700 ते 750 मिलिमीटरवर येतो, आणि पुढे दौंड-इंदापूरकडे त्याहूनही कमी होतो. त्यामुळे एकाच जिल्ह्याच्या पुस्तकातील पावसाबद्दलचा मजकूर तीन ठिकाणच्या मुलांना तीन वेगळ्या अर्थांनी वाचावा लागतो. नऊ वर्षांच्या मुलाचा खरा परिसर त्याच्या पायांना झेपेल तेवढाच असतो, आणि तो जाणून घेण्याची रीत म्हणजे निसर्गफेरी.

निसर्गफेरी आणि सहल यांत मूलभूत फरक आहे. सहल वर्षातून एकदा, बहुधा अनोळखी ठिकाणी जाते आणि पाहून परत येते. फेरी मात्र शाळेपासून निघणाऱ्या त्याच एका वाटेने वर्षभर पुन्हा पुन्हा होते, म्हणून वाटेवरचा बदल हाच तिचा विषय बनतो. ज्येष्ठात कोरडा असलेला ओढा श्रावणात कुठवर चढला, पांगारा पाने गाळून कधी फुलला, भाताच्या खाचरात पाणी किती दिवस उभे राहिले, अशा नोंदी एकाच जागी वारंवार गेल्याशिवाय होत नाहीत. तथापि नुसत्या फेरीतून मुलाच्या हाती झाडापाखरांची नावे आणि काही निरीक्षणे येतात, त्या जमिनीशी माणसाने कसे वागायचे हे येत नाही. ते ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या लोकांच्या गोष्टींत साठवलेले असते, आणि पुणे जिल्ह्यातील मावळात हे लोक म्हणजे प्रामुख्याने महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी हे आदिवासी समाज. फेरी आणि गोष्ट एकत्र आल्या, आणि गोष्ट सांगणाऱ्याला शाळेने शिक्षकाचा मान दिला, तरच परिसर अभ्यास हा विषय आपल्या नावाला उतरतो.

मावळची भूमी या प्रकारच्या शिक्षणाला विलक्षण अनुकूल आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून येथील काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला, आणि हे थर लोहगड-विसापूरच्या कड्यांवर आजही पायऱ्यांसारखे उघडे दिसतात. या डोंगररांगांमधून पूर्वेकडे उतरणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांनाच जुन्या काळापासून मावळ म्हणत आले आहेत. पवना नदीचे ते पवन मावळ, आंद्रेचे ते आंदर मावळ, आणि कुंडलिकेच्या खोऱ्यातले ते नाणे मावळ. आधुनिक भूगोल ज्याला पाणलोट क्षेत्र म्हणतो, म्हणजे ज्या उतारांवर पडलेला पाऊस एकाच प्रवाहाला मिळतो तो प्रदेश, त्याच्या आधारे येथील लोकांनी आपले मुलूख फार पूर्वी आखले होते. आंदर मावळातील एखाद्या शाळेमागच्या टेकडीवर मुलांना उभे करून पाणी कोणत्या बाजूला उतरते हे पाहायला सांगितले, तर पाणलोट ही संकल्पना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा कितीतरी लवकर कळते.

पाण्याचा हाच पाठ लोणावळ्याजवळ अधिक खोल जातो. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते आणि तिचे पाणी अखेरीस बंगालच्या उपसागराकडे जाते. परंतु विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाटांच्या कंपनीने वळवण, लोणावळा आणि शिरोता येथे बांधलेल्या धरणांमुळे या परिसरात पडणाऱ्या पावसाचा मोठा भाग घाटाखाली खोपोलीच्या वीजकेंद्राकडे वळवला गेला, तेथे 1915 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली, आणि वीज करून उरलेले पाणी पाताळगंगेतून अरबी समुद्राला मिळू लागले. शेजारच्या मुळशीत अशाच धरणाविरुद्ध 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरणाच्या भिंतीपाशी थांबलेल्या मुलांना हे सर्व सांगता येते, आणि पाण्याखाली गेलेल्या गावाची आठवण ज्या घरात अजून सांगितली जाते त्या घरातील आजोबांनी ती सांगितली, तर इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांच्या सीमा आपोआप पुसल्या जातात.

या भूमीचे सूक्ष्म ज्ञान ज्यांच्यापाशी आहे, त्यांची मुले मात्र शाळेत बहुधा मागच्या रांगेत असतात. कातकरी, ज्यांना काथोडीही म्हणतात, हा केंद्र शासनाने विशेष असुरक्षित म्हणून नोंदवलेल्या महाराष्ट्रातील तीन आदिवासी गटांपैकी एक आहे. उरलेले दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणे हा त्यांचा जुना व्यवसाय होता, आणि ब्रिटिश काळातील जंगल कायद्यांनी झाडे सरकारची ठरवल्यावर तो हातचा गेला. आज अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात, त्यामुळे मुलांचे शाळेचे अर्धे वर्ष बुडते. त्यात घरची बोली शाळेच्या मराठीहून वेगळी. अशा मुलाला वर्गात ‘कच्चा’ असा शेरा मिळतो. पण त्याच मुलाला वाटेवर नेले, तर खेकड्याचे बीळ कोणते आणि सापाचे कोणते, ओढ्यात मासा कोणत्या दगडाआड थांबतो, कोणता कंद भाजून खातात, हे ते मूल शिक्षकाला दाखवते. निसर्गफेरीत ज्ञानाची उतरंड अशी उलटते हा तिचा सर्वांत मोठा लाभ मानला पाहिजे, कारण ज्या मुलाला आपण काही जाणतो हे प्रथमच कळते, ते मूल शाळेत टिकण्याची शक्यता वाढते.

गोष्टीची गरज का आहे, हे समजण्यासाठी कारवी या झुडपाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारी कारवी सात वर्षे नुसती वाढते, आठव्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस सगळी झुडपे एकाच वेळी जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून जातात, मधमाश्या त्या बहरावर तुटून पडतात, आणि बी धरल्यावर ती झुडपे मरून जातात. तिच्या सरळ काठ्या घराच्या कुडाला लागतात, आणि त्यांवर शेणमातीचा लेप दिला की भिंत उभी राहते. आता पहिलीत आलेल्या मुलाने ज्या वर्षी हा बहर पाहिला, त्यानंतरचा बहर ते नववीत गेल्यावर येतो, आणि दुसरीत असताना ज्याने तो चुकवला त्याला तर संपूर्ण प्राथमिक शाळेत तो दिसतच नाही. शाळेच्या मुदतीपेक्षा लांब असलेले हे चक्र कोणत्याही निरीक्षण-वहीत मावत नाही. ते केवळ आजीच्या सांगण्यात मावते, जिच्या आयुष्यात तो बहर सात-आठ वेळा येऊन गेला आहे, आणि जी कुणाचा जन्म, कुणाचे लग्न, कोणते घर त्या बहराच्या वर्षी झाले हे सांगून काळ मोजते. परिसराचा अभ्यास म्हणजे चालू क्षणाचे निरीक्षण, असे मानणाऱ्या पद्धतीची मर्यादा येथे स्पष्ट होते.

हंगामाचे ज्ञानही असेच सांगण्यातून टिकले आहे. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रे मावळातील शेतकऱ्याला पाठ असतात. सूर्य एका नक्षत्रात साधारण 13 ते 14 दिवस राहतो, म्हणून हे पंचांग वस्तुतः पावसाळ्याचे पंधरवड्यांत केलेले विभाजन आहे, आणि कोणत्या नक्षत्रात पेरायचे, कोणत्यात लावणी आटोपायची, कोणत्या पावसाने उभे पीक आडवे होते, याच्या म्हणी त्याला जोडलेल्या आहेत. पावशा पक्ष्याची उन्हाळ्याच्या अखेरीस ऐकू येणारी हाक मराठी शेतकरी ‘पेरते व्हा’ अशी ऐकतो, आणि तो काळ या पक्ष्याच्या विणीचा असल्याने हाक आणि हंगाम यांची सांगड निराधार नाही. याच सुमारास राजमाचीच्या रानात काजव्यांनी झाडे लखलखतात, पहिल्या सरींबरोबर मखमली लाल मृगाचे किडे जमिनीवर येतात, आणि रानात शेवळे उगवतात. शाळेने एका सरळ काठाच्या बाटलीत पाऊस मोजून प्रत्येक नक्षत्राची बेरीज मांडली आणि ती म्हणींशी ताडून पाहिली, तर चौथीच्या मुलांना गणिताची खरी गरज कळते आणि म्हणीतले किती खरे हे स्वतः ठरवता येते. आजीचे म्हणणे तपासून पाहण्यात आजीचा अवमान नाही, कारण तिच्या पूर्वजांनी ते असेच पाहून पाहून बांधले होते.

शेवळाचा उल्लेख येथे थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे, कारण स्वयंपाक आणि रसायनशास्त्र यांची अशी गाठ क्वचित पडते. सुरणाच्या कुळातील या वनस्पतीचे कोंब जूनच्या सुरुवातीला ठाकर आणि कातकरी बायका रानातून आणून बाजारात विकतात. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, आणि भाजी नीट केली नाही तर असह्य खाज सुटते. म्हणून शेवळाबरोबर काकड नावाच्या झाडाची आंबट फळे घालतात आणि भाजी चांगली शिजवतात. दोन वेगळ्या वनस्पती, एक जमिनीतून उगवणारी आणि एक झाडावर लागणारी, नेमक्या एकाच हंगामात हाताशी येतात, ही जोड कुणी लक्षपूर्वक शोधली असणार. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली अशा पावसाळी रानभाज्यांबद्दल प्रत्येकीची स्वतंत्र रीत आहे, आणि तिच्याबरोबर धोक्याची सूचनाही येते. लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलाची कळलावी याच दिवसांत फुलते, आणि तिच्या कंदातील कोल्चिसिन हे द्रव्य प्राणघातक असते. म्हणून रानात काही तोडण्यापूर्वी जाणत्या बाईला विचारायचे हा फेरीचा पहिला नियम असला पाहिजे, आणि ती जाणती बाई फेरीत सोबत असली पाहिजे.

गोष्ट नुसती माहिती सांगत नाही, ती मर्यादाही घालून देते, याचे मावळातील सर्वांत स्पष्ट उदाहरण देवराईचे आहे. देवराई म्हणजे गावदेवाच्या नावाने राखलेले रान, जेथे कुऱ्हाड चालवायची नाही आणि देवाला विचारल्याशिवाय काही न्यायचे नाही, असा संकेत असतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचे शास्त्रीय सर्वेक्षण केले, तेव्हा भोवतालच्या उघड्या डोंगरांवरून नाहीशी झालेली अनेक झाडे आणि वेली या राखीव तुकड्यांत टिकून असल्याचे दिसून आले. मावळातील आजिवली येथील वाघजाईची देवराई तिच्यातील भेरली माडांमुळे अभ्यासकांना परिचित आहे. अशा राईत मुलांना नेऊन आतल्या आणि बाहेरच्या पाचोळ्याची जाडी, मातीचा ओलावा, ऐकू येणारे पक्षी यांची तुलना करायला लावली, की राखणे या क्रियेचा परिणाम त्यांच्या हाताला आणि कानाला कळतो. आणि देवीची गोष्ट ऐकली, की ती कुणी, कशासाठी आणि कोणत्या धाकाने राखली हेही कळते. वाघोबा या देवतेचेही असेच आहे. महादेव कोळी, ठाकर, वारली या समाजांत वाघोबाच्या शिळेला पूजा असते, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळली जाते, आणि तिच्या कथांतून वाघ हा शत्रू किंवा करमणूक न ठरता रानाचा वाटेकरी ठरतो. पुणे जिल्ह्यात बिबट्या आणि माणूस यांचा संघर्ष वाढत असताना, त्याच्याबरोबर सावधपणे राहण्याची ही जुनी शिकवण शाळेच्या बाहेर ठेवणे शहाणपणाचे नाही.

गोष्ट आणि पुरावा यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न शिक्षकांना सर्वाधिक अडचणीचा वाटतो. कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेचे मंदिर आणि बौद्ध लेणे शेजारी शेजारी आहेत. ते सर्व पांडवांनी एका रात्रीत घडवले, अशी कथा परिसरात सांगतात. लेण्यातील शिलालेख मात्र वेगळे सांगतात: वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केल्याचा, धेनुकाकट येथील अनेकांनी एकेक खांब दान दिल्याचा उल्लेख त्यांत आहे, आणि सुमारे 38 मीटर लांबीचे ते चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे मानले जाते. अशा वेळी आजीची कथा खोटी आणि शिलालेख खरा, असे सांगून विषय संपवणारा शिक्षक दोन्ही गमावतो. दोन्ही मुलांपुढे ठेवून, लेणे कुणी खोदले हे दगडावरच्या अक्षरांवरून कळते, आणि ते पाहून येथील माणसांना काय वाटले हे कथेवरून कळते, एवढा भेद समजावला, तर दहा वर्षांचे मूल तो समजू शकते. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये कातकऱ्यांची, आपण रामाच्या वानरसेनेचे वंशज असल्याची, कुळकथा नोंदलेली आहे. तिच्याकडेही वंशशास्त्र म्हणून पाहण्यापेक्षा, रानात राहणाऱ्या समाजाने स्वतःला दिलेला मान म्हणून पाहणे उचित ठरते.

ही विचारधारा महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये हे काम तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे चारायला जातात, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. माँटेसरी पद्धतीच्या महाग साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे हेच मोजण्याचे आणि जुळवण्याचे साहित्य झाले. मूल जेथे आहे तेथे शाळेने जायचे, हा कोसबादचा निर्णय आजही मावळातील स्थलांतरित कातकरी मुलांच्या प्रश्नाला थेट लागू पडतो. जगात इतरत्रही, विशेषतः कॅनडातील काही प्रांतांत, आदिवासी समाजांच्या ज्येष्ठांचे सांगणे आणि भूमीवरचा वावर यांना शालेय अभ्यासक्रमात स्थान मिळाले आहे. तेथील अनिशिनाबे समाजात काही गोष्टी बर्फ पडल्यावरच सांगायच्या असतात, आणि शाळेने तो संकेत पाळावा अशी अपेक्षा असते.

हा शेवटचा मुद्दा मावळासाठीही महत्त्वाचा आहे. गोष्ट ही समाजाची असते. ती कुणी सांगावी, कोणत्या दिवसांत सांगावी, कोणती बाहेरच्यांपुढे सांगू नये, हे वाडी ठरवते. तिचे रूपांतर स्नेहसंमेलनातील आदिवासी नृत्याच्या वेषभूषेत झाले की तिच्यातील ज्ञान निघून जाते. स्त्रियांचे सांगणे तर अनेकदा गोष्टीच्या रूपात नसतेच. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी मुळशी-मावळच्या डोंगराळ पट्ट्यातील बायकांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, आणि तो संग्रह पुढे राज्यभरातून 1 लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. पाऊस, शेत, नदी आणि माहेरची वाट यांबद्दल या भागातील बायका काय जाणत होत्या, हे त्यांतून वाचता येते, आणि शिक्षकाला वापरायला ते साहित्य उपलब्ध आहे.

जमीन वाचता येणे हा जिवाचाही प्रश्न आहे. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे महादेव कोळ्यांचे गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जुलै 2023 मध्ये रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर तीच वेळ आली. उतारावर पडलेली नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडे, ही चिन्हे ओळखणे आणि ती दिसताच मोठ्यांना सांगणे पावसाळी फेरीत शिकवता येते, आणि सह्याद्रीच्या कुशीतील प्रत्येक शाळेत ते शिकवले गेले पाहिजे. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की लोणावळ्याभोवती बंगल्यांची कुंपणे आणि रिसॉर्टच्या भिंती वाढत असताना मुलांच्या फेरीच्या वाटा बंद होत आहेत, आणि ज्या उतारावर पाऊल ठेवता येत नाही त्याचा अभ्यास होऊ शकत नाही.

फेरी आणि गोष्ट शाळेत आणण्यासाठी नवा कायदा लागत नाही. राज्याने 2024 मध्ये सुरू केलेला ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम फेरीला वेळ देतो. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते, आणि शाळेच्या नोंदी तिला जोडता येतात. शिक्षण हक्क कायदा 2009 ने अनुदानित आणि शासकीय शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरवले आहे, त्यामुळे वाडीतील आईला त्या समितीत हक्काने बसता येते. मावळातील शाळांनी येत्या जूनपूर्वी आपल्या वाडीतील एका जाणत्या आजीला किंवा आजोबांना फेरीचे शिक्षक म्हणून बोलवावे, त्यांच्या श्रमाचे मानधन द्यावे, आणि त्यांचे नाव शाळेच्या फलकावर इतर शिक्षकांच्या बरोबरीने लिहावे.